एका रात्रीत तीन लढती: जपानच्या ‘के-वन’ची गोष्ट

३० एप्रिल १९९३. टोकियोतली योयोगी राष्ट्रीय व्यायामशाळा. १९६४च्या ऑलिम्पिकसाठी केंझो तांगे यांनी जहाजाच्या शिडासारख्या छताची ही इमारत उभी केली, तेव्हा तिथे पोहण्याच्या शर्यती झाल्या होत्या. त्या संध्याकाळी मात्र मधोमध चौकोनी रिंग होती आणि आठ जण लढायला आले होते. त्यांतला क्रोएशियाचा ब्रँको सिकाटिच ३८ वर्षांचा. या खेळात या वयाला माणूस हातमोजे खुंटीला टांगून पोरांना शिकवायला लागतो. सिकाटिचने त्या एका रात्रीत तिघांशी लढून तिघांनाही नॉकआउट केलं आणि एक लाख डॉलर घेऊन घरी गेला. अंतिम लढतीत पहिल्याच फेरीत आडवा झालेला माणूस होता अर्नेस्टो होस्ट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे बरंच कामाला येणार आहे.

के-वन नावाच्या जपानी किकबॉक्सिंग स्पर्धेची ही पहिली रात्र.

आज इंटरनेटवर के-वनच्या विजेत्यांची यादी काढली तर डोकं चक्रावतं. एकाच वर्षी तीन-चार ‘विश्वविजेते’ दिसतात. कुणाकडे कंबरपट्टा आहे, कुणाकडे नुसता करंडक. २०१० नंतर सगळं एकदम थांबतं आणि २०१४पासून भलतीच नावं सुरू होतात. हा गोंधळ सोडवायचा तर आधी एक गोष्ट पक्की करावी लागते. बॉक्सिंगमध्ये विजेतेपद म्हणजे पट्टा: तो ज्याच्याकडे असेल त्याला हरवा आणि घ्या. के-वनचं मूळ विजेतेपद तसं नव्हतंच. ते होतं एका रात्रीचं. आठ जण, बाद पद्धत, रात्र संपेपर्यंत एक उरतो. पुढच्या वर्षी पाटी पुन्हा कोरी.

कराटेतून किकबॉक्सिंग कसं निघालं

किकबॉक्सिंग हे नाव जपानी आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. १९६०च्या दशकात ओसामू नोगुची नावाचा बॉक्सिंगचा एक आयोजक थायलंडच्या मुआय थायवर लुब्ध झाला. त्या खेळात ठोसा, लाथ, गुडघा, कोपर सगळं चालतं. दुसरीकडे जपानी कराटेवाल्यांना आपली विद्या श्रेष्ठ असल्याची खात्री होती. मग फेब्रुवारी १९६४मध्ये कराटेच्या क्योकुशिन पंथाचे तीन जण बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियममध्ये थाई लढवय्यांशी भिडले. दोन जिंकले, एक हरला. हरलेल्याचं नाव केन्जी कुरोसाकी, आणि या गोष्टीत सगळ्यांत दूरवर पोचला तोच. जिंकून परतलेले खुशीत होते. कुरोसाकी मात्र आपण काय शिकलो नाही याचा हिशेब मांडत राहिला.

नोगुचीने दोन्ही विद्यांची सांगड घालून नवा खेळ रचला, त्याला इंग्रजी वाटावं असं नाव दिलं आणि १९६६मध्ये ओसाकात पहिला कार्यक्रम केला. त्याचा नायक तादाशी सावामुरा. हवेत झेप घेऊन गुडघा मारायची त्याची लकब टीव्हीवर इतकी गाजली, की त्याच्यावर मुलांसाठी कार्टून मालिका निघाली. पण कोणताही तारा एकटा किती दिवस छप्पर पेलणार? सावामुरा निवृत्त झाला, टीव्हीवाले दुसरीकडे वळले आणि १९८०च्या दशकात जपानी किकबॉक्सिंग छोट्या सभागृहांत, छोट्या-छोट्या संघटनांत विखुरलं.

कराटेचंही काही बरं चाललं नव्हतं. मासुतात्सु ओयामांचं क्योकुशिन म्हणजे पूर्ण ताकदीने मारण्याचं कराटे. पण उघड्या मुठींनी लढत असल्यामुळे तोंडावर ठोसा मारायला बंदी. छातीवर मारा, मांडीवर मारा, डोक्यावर लाथ घाला, पण तोंडावर मूठ नको. त्यामुळे एक प्रश्न कायम अधांतरी राहिला: यांना हातमोजे चढवून खऱ्या बॉक्सरसमोर उभं केलं तर काय होईल?

तो प्रश्न ज्याने तिकिटं लावून विचारला, तो माणूस म्हणजे काझुयोशी इशी. क्योकुशिनच्या परंपरेतून बाहेर पडून त्याने १९८०मध्ये ओसाकात सेइदोकायकान ही स्वतःची कराटे शाळा काढली. जपानमध्ये त्याला आजही ‘इशी कांचो’ म्हणतात. कांचो म्हणजे प्रशालेचा प्रमुख, आपल्याकडे आखाड्याचा वस्ताद म्हणतात तसं. पण हा वस्ताद शिकवण्यात जितका तरबेज, तितकाच धंद्यातही. त्याने ओळखलं, की प्रेक्षकाला पंथांच्या भांडणात रस नाही. त्याला एवढंच हवंय, की सगळ्या पंथांतले भारी लोक एका जागी आणा आणि कोण उरतं ते दाखवा.

म्हणून ‘के’. कराटेचा के, किकबॉक्सिंगचा के, केंपोचा, कुंग फूचा, आणि जपानीत सगळ्या लढाऊ खेळांना जो शब्द आहे त्या ‘काकुतोगी’चाही के. ‘वन’ म्हणजे पहिला क्रमांक. मोटारींच्या एफ-वनचं वेड तेव्हा जपानात शिगेला होतं आणि त्या शर्यती दाखवणारी फुजी टीव्ही हीच वाहिनी के-वनही दाखवणार होती. स्पर्धेला ‘ग्रां प्री’ म्हणणं हा काही योगायोग नसावा.

नियम थोडक्यात, आणि त्यांतली मेख

तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. बरोबरी झाली तर जादा फेरी. ठोसे आणि लाथा चालतात, गुडघा चालतो, कोपर चालत नाही. प्रतिस्पर्ध्याची मान धरून लोंबकळत राहणं, ज्याला क्लिंच म्हणतात, त्यावर बंधन. मुआय थायमध्ये निम्मी लढाई तिथेच होते, इथे पंच लगेच सोडवतो. तीन गुणपंच प्रत्येक फेरीला गुण देतात: फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, खाली पडला तर आठ. रिंगमध्ये जमिनीवरची झोंबी नाही. पडला की मोजणी सुरू.

मुआय थाय पाच फेऱ्यांचं असतं. तिथे पहिल्या एक-दोन फेऱ्या अंदाज घेण्यात जातात, कारण खरी गुणांची लढाई पुढे असते. के-वनने फेऱ्या तीनच ठेवल्या आणि बिलगून दमवायची वाट बंद केली. उरलं काय? मारा, तोही लवकर. हे नियम टीव्हीकडे बघून शिवलेले होते, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. एकदिवसीय क्रिकेटही तसंच शिवलं गेलं.

पण खरी मेख नियमांत नाही, ‘एका रात्रीत तीन लढती’ यात आहे. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, सगळं चार-पाच तासांत. म्हणजे पहिली लढत नुसती जिंकून भागत नाही, ती स्वस्तात जिंकावी लागते. समोरच्याला एका मिनिटात झोपवलं तर तुम्ही ताजे. नऊ मिनिटं घासाघीस करून जिंकलात, तर पुढचा येतो तेव्हा तुमच्या नडगीला टेंगूळ असतं आणि मांडी काळीनिळी झालेली असते.

इथे मांडीवरच्या लाथेबद्दल सांगायलाच हवं. नवखा प्रेक्षक डोक्यावरच्या लाथेची वाट बघतो. जाणकार मांडीकडे बघतो. नडगीचं हाड मांडीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या जरा वर, पुन्हा पुन्हा त्याच जागी आदळतं. पहिल्या पाच लाथांनी काही होत नाही. दहाव्या-बाराव्या लाथेनंतर पायावर भार घेता येत नाही. भार घेता आला नाही की ठोशात जोर येत नाही, कारण ठोसा हाताने मारतात असं दिसलं तरी तो पायापासून निघतो. आणि ही दुखापत लढत संपल्यावर वाढत जाते: अंग थंड पडतं, स्नायू आखडतो, तासाभराने पुन्हा रिंगमध्ये जायचं असतं. होस्ट या हिशेबाचा बादशहा. ठोशांची जोडी वर दाखवायची, हात वर गेले की खाली मांडीवर लाथ. दिसायला रटाळ, पण तिसऱ्या फेरीत समोरचा लंगडू लागायचा.

या पद्धतीत नशिबाचा वाटाही मोठा. सोडतीच्या समारंभात लढवय्ये चिठ्ठी काढत, आणि ज्याचा नंबर आधी लागेल तो तक्त्यात आपली जागा निवडे. नंतरच्याने कुणासमोर उभं राहायचं ते सगळ्यांदेखत ठरवायचं. दणकट माणसं शाळेच्या पोरांसारखी एकमेकांकडे चोरून बघत जागा निवडताहेत, हे दृश्य लढतींइतकंच बघण्यासारखं असे. शिवाय राखीव लढत असायची: मुख्य आठांतला कुणी जिंकूनही जायबंदी झाला, तर राखीव खेळाडू त्याच्या जागी उतरायचा.

यातून काय घडू शकतं ते २००२ साली दिसलं. बॉब सॅप हा अमेरिकन फुटबॉलमधून आलेला, दीडशे किलोंच्या वरचा माणूस. किकबॉक्सिंग त्याला यथातथाच येत होतं, पण तो बुलडोझरसारखा अंगावर चालून यायचा. ऑक्टोबरमध्ये त्याने होस्टला चेचला. होस्ट बाद. डिसेंबरच्या अंतिम फेरीआधी सेमी स्खिल्ट दुखापतीने बाहेर पडला आणि त्या रिकाम्या जागेवर होस्टला बोलावलं गेलं, तेही पुन्हा सॅपसमोरच. सॅपने त्याला पुन्हा हरवला. पण मारता मारता सॅपचा हात मोडला. मग नियमाप्रमाणे हरलेला होस्ट उपांत्य फेरीत गेला. तिथे त्याने रे सेफोला हरवलं, आणि अंतिम लढतीत फ्रान्सच्या जेरोम ले बानरच्या हातावर लाथा मारत राहिला, तो हात मोडेपर्यंत. त्या वर्षीचा विजेता: अर्नेस्टो होस्ट, चौथ्यांदा.

एकाच माणसाकडून दोन महिन्यांत दोनदा मार खाल्लेला खेळाडू विश्वविजेता! हे न्याय्य आहे का? मला विचाराल तर नाही. पण आठ जणांतून एका रात्रीत एक निवडायचा ठरवलात, तर ‘सगळ्यांत ताकदवान कोण’ याचं उत्तर मिळत नाही. उत्तर मिळतं ते ‘शेवटी कोण उभा होता’ याचं. ते वेगळं उत्तर आहे, आणि लोक तेच बघायला येत.

पंधरा वेळा नेदरलँड्स

१९९३ ते २०१० अशा अठरा ग्रां प्री झाल्या. त्यांतल्या पंधरा नेदरलँड्सच्या खेळाडूंनी जिंकल्या. होस्ट आणि स्खिल्ट प्रत्येकी चार, पीटर आर्ट्स आणि रेमी बोन्यास्की प्रत्येकी तीन, अ‍ॅलिस्टर ओव्हरीम एक. उरलेल्या तीन: सिकाटिच, स्वित्झर्लंडचा अँडी हूग आणि न्यूझीलंडचा मार्क हंट. त्यातही सिकाटिच ॲमस्टरडॅमच्या चाकुरिकी जिममध्येच घडलेला.

नेदरलँड्सच का? इथे तो बँकॉकमध्ये हरलेला कुरोसाकी परत येतो. मायदेशी त्याने ‘मेजिरो’ नावाचं जिम काढलं. टोकियोच्या एका भागाचंच ते नाव. मुआय थायच्या लाथा, बॉक्सिंगचे हात आणि क्योकुशिनची मरमर मेहनत यांचा त्याने मेळ घातला. त्याचा शिष्य तोशिओ फुजिवारा १९७८मध्ये बँकॉकच्या राजदमनर्न स्टेडियमचा पट्टा जिंकणारा पहिला बिगरथाई ठरला. त्याच मेजिरोत यान प्लास नावाचा डच माणूस शिकून गेला, आणि १९७८मध्येच त्याने ॲमस्टरडॅममध्ये त्याच नावाचं जिम उघडलं. त्याच्या आसपास चाकुरिकी, वोस अशी जिम उभी राहिली. शहर छोटं, जिम जवळजवळ, हाडवैर पक्कं, त्यामुळे सरावातही लढाईच. के-वन सुरू झालं तेव्हा जपानने निर्यात केलेली विद्या पंधरा वर्षं मुरून, उंच धिप्पाड माणसांच्या अंगात शिरून परत आली.

प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आर्ट्स लाकूडतोड्याचा चौकड्यांचा सदरा घालून रिंगकडे यायचा आणि उजव्या पायाने डोकी उडवायचा. १९९८ची स्पर्धा त्याने तिन्ही लढतींत पहिल्याच फेरीत नॉकआउट करून जिंकली. तीन लढती मिळून सात मिनिटंही लागली नाहीत. बोन्यास्की सुरिनाममध्ये जन्मलेला, बँकेत नोकरी केलेला, उडी मारून गुडघा मारणारा. आणि स्खिल्ट! उंची २१२ सेंटिमीटर. कराटेतून आलेला, पण कराटेची चपळाई त्याच्यात शोधायची नाही. त्याचा डावा हात आणि सरळ पुढे ढकलणारी लाथ एवढ्यावरच तो २००५, २००६, २००७ असा ओळीने जिंकला. त्याच्यासमोरच्याला आत शिरायलाच जागा नसायची. २००९मध्ये त्याने आर्ट्सचा वेगाचा विक्रमही मोडला, तिन्ही लढती सहा मिनिटांच्या आत.

स्खिल्टच्या राज्यात बरेच जण कंटाळले, हे कबूल करायला हवं. खुल्या गटाचा हा जुनाच रोग. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीचा खुला गट बघणाऱ्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको: वजनाची अट काढली की कसब आणि आकारमान यांची जी झटापट होते, तिच्यात गंमत तोवरच असते, जोवर कसब अधूनमधून जिंकतं. २००७मध्ये के-वनने शंभर किलोंच्या खाली एक आणि वर एक असे दोन पट्टे काढून बघितले. पण लोकांच्या मनात विजेता एकच होता, डिसेंबरच्या रात्री उभा राहिलेला.

आता हूग. कसब जिंकतं तेव्हा काय होतं ते त्याच्यात दिसायचं. जेमतेम १८० सेंटिमीटर उंचीचा हा क्योकुशिनवाला टाच वरून कुऱ्हाडीसारखी डोक्यावर आणायचा. हातमोज्यांच्या खेळात तो आला तेव्हा ठोसे त्याला नीट येत नव्हते. १९९४च्या ग्रां प्रीत अमेरिकेच्या पॅट्रिक स्मिथने त्याला १९ सेकंदांत आडवा केला. कराटेवाल्यांची नाचक्की झाली. हूग परत गेला, बॉक्सिंग शिकला, आणि १९९६मध्ये योकोहामात अंतिम लढतीत दक्षिण आफ्रिकेच्या माइक बर्नार्डोला गरकन फिरून मांडीवर मारलेल्या टाचेने खाली बसवलं. डोक्यावरच्या लाथेसाठी प्रसिद्ध माणूस मांडीवर मारून जिंकला. जपान्यांनी त्याला आपला मानलं. ऑगस्ट २०००मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं आणि काही दिवसांतच, २४ ऑगस्टला, टोकियोत वयाच्या ३५व्या वर्षी तो गेला. क्योटोतल्या एका देवळात त्याच्या अस्थी आहेत.

यजमानाच्या पानात काही नाही

या सगळ्यात एक गोष्ट इशीला आणि टीव्हीवाल्यांना सतत टोचत असणार: घर जपानचं, मांडव जपानचा, आणि नवरदेव दर वर्षी बाहेरचा. मासाआकी साताके १९९४मध्ये अंतिम फेरीत पोचला आणि आर्ट्सकडून हरला. मुसाशी २००३ आणि २००४ अशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरीत गेला आणि दोन्ही वेळा बोन्यास्कीने त्याला रोखलं. या अठरांत जपानी विजेता एकही नाही. शंभर किलोंच्या गटात जपानकडे माणसंच मोजकी, आणि जी असतात त्यांना सुमोवाले आधी उचलतात.

यावर २००२मध्ये जे उत्तर निघालं ते के-वनच्या इतिहासातलं सगळ्यांत शहाणपणाचं पाऊल म्हणावं लागेल: ‘वर्ल्ड मॅक्स’, सत्तर किलोंची स्पर्धा. पद्धत तीच, पण आता वेग आला, दमसास आला, आणि जपानी खेळाडूला संधी आली. पहिला विजेता नेदरलँड्सचाच, आल्बर्ट क्राउस. पण २००३मध्ये मासातोने त्यालाच अंतिम फेरीत नॉकआउट केलं. देखणा, जरा मग्रूर, जाहिरातींत शोभणारा मासातो रातोरात घराघरांत पोचला.

पुढच्या वर्षी त्याच्यासमोर थायलंडच्या सुरिन प्रांतातला बुआकाव उभा राहिला. जपानी प्रेक्षकांना तो फारसा माहीत नव्हता. सरळ ढकलणारी लाथ आणि डाव्या पायाची बरगड्यांवरची लाथ यांनी त्याने मासातोला अंतरच गाठू दिलं नाही. तीन फेऱ्यांनंतर पंचांनी जादा फेरी दिली तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. यजमानाला जीवदान दिल्याची कुजबुज आजही होते. जादा फेरीही बुआकावनेच घेतली. पुढे क्लिंचमधल्या गुडघ्यांवर नियम आणखी आवळले गेले, आणि त्याचा तोटा सगळ्यांत जास्त थाई लढवय्यांना होणार हे उघड होतं. तरी बुआकाव २००६मध्ये पुन्हा जिंकला. अँडी सौवरने २००५ आणि २००७ घेतली, मासातोने २००८मध्ये जादा फेरीपर्यंत ताणलेली अंतिम लढत जिंकली, आणि २००९, २०१० ही दोन्ही वर्षं आर्मेनियात जन्मलेल्या इटालियन जॉर्जिओ पेट्रोस्यानची. पेट्रोस्यानला मार बसतच नसे. त्याच्या लढती बघताना वाटतं, समोरचा माणूस अर्धा सेकंद उशिराच जगतोय.

तांत्रिकदृष्ट्या बघायचं तर मॅक्सच्या लढती मोठ्या गटापेक्षा सरस होत्या. आज नव्याने बघणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

तमाशा आणि दिवाळं

टोकियो डोममध्ये १९९७पासून अंतिम फेऱ्या होऊ लागल्या. बेसबॉलच्या त्या मैदानात सत्तर हजारांच्या आसपास माणसं बसायची. पैसा तिकिटांचा होताच, पण त्याहून मोठा टीव्हीचा. आणि टीव्हीला खेळाडू नको असतात, चेहरे हवे असतात.

बॉब सॅप हा तसा चेहरा होता. त्याच्या जाहिराती, गाणी, खेळणी, सगळं आलं. ३१ डिसेंबर २००३ला नागोया डोममध्ये त्याच्यासमोर उभा केला गेला आकेबोनो, हवाईत जन्मलेला, सुमोचा सर्वोच्च ‘योकोझुना’ किताब मिळवणारा पहिला परदेशी. तो किकबॉक्सिंगमध्ये नवखा, सॅप जरासाच जुना. पहिल्या फेरीच्या शेवटी आकेबोनो तोंडावर पडला. खेळ म्हणून यात काहीच नव्हतं. पण जपानमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री एनएचके या सार्वजनिक वाहिनीवरचा गाण्यांचा कार्यक्रम सगळं घर एकत्र बसून बघतं, ती जवळपास कुळाचाराइतकी जुनी सवय. आणि त्या रात्री चार मिनिटांपुरता का होईना, या लढतीने त्या कार्यक्रमाला मागे टाकलं. ४३ टक्के विरुद्ध ३५.५ टक्के. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तोवर घराचा मालक अडचणीत आला होता. फेब्रुवारी २००३मध्ये इशीला करचोरीच्या प्रकरणात अटक झाली, जानेवारी २००४मध्ये टोकियोच्या न्यायालयाने एक वर्ष दहा महिन्यांची शिक्षा सुनावली, आणि अपिलं संपल्यावर त्याने ती भोगली. कारभार सादाहारू तानिकावा यांच्या ‘एफईजी’ कंपनीकडे गेला. पुढची काही वर्षं बाहेरून झगमगाट कायम होता: सोल, हाँगकाँग, हवाई, लास व्हेगास. २००८च्या अंतिम लढतीत मोरोक्कन वंशाच्या बदर हारीने खाली पडलेल्या बोन्यास्कीला तुडवलं आणि तो अपात्र ठरला. तीही बातमीच झाली. पण वाहिन्यांचे पैसे आटू लागले, खेळाडूंचं मानधन थकू लागलं. डिसेंबर २०१०मध्ये ओव्हरीम जिंकला तो टोकियो डोममध्ये नव्हे, कितीतरी लहान अशा आरिआके कोलिसियममध्ये. २०११मध्ये ग्रां प्री झालीच नाही. २०१२मध्ये एफईजी दिवाळखोरीत निघाली.

के-वन हे नाव विकलं गेलं. नव्या मालकांनी झाग्रेबमध्ये मार्च २०१३ला एक ग्रां प्री घेतली आणि ती क्रोएशियाच्याच मिर्को क्रो कॉपने जिंकली. युरोपातले बडे लढवय्ये तोवर ‘ग्लोरी’ या नव्या संघटनेकडे निघून गेले होते.

पट्ट्यांचं के-वन

यादीत २०१४पासून जी अनोळखी नावं सुरू होतात, ती या दुसऱ्या के-वनची. ३ नोव्हेंबर २०१४ला, पुन्हा योयोगीतच पण शेजारच्या लहान सभागृहात, जपानी चमूने नव्याने मांडणी केली. पहिली स्पर्धा ६५ किलोंची, विजेता थायलंडचा काएव. महाकाय परदेशी पाहुणे गेले. आता वजनगट होते: ५३ किलो, ५५, ५७.५, ६० असे साधारण अडीच-अडीच किलोंनी चढत जाणारे, मुलींचे वेगळे. नव्या गटाचा पहिला विजेता बहुधा एका रात्रीच्या स्पर्धेतून निवडायचा, पण त्याच्या कमरेला पट्टा बांधायचा, आणि पुढे तो पट्टा त्याने एकेक आव्हान घेऊन राखायचा. जुनी ग्रां प्री आणि बॉक्सिंग यांचं हे कलम. म्हणूनच आज एकाच वेळी के-वनचे इतके ‘विजेते’ दिसतात. त्यात ‘क्रश’ ही के-वनचीच धाकटी भावंड स्पर्धा, आणि ‘राइज’ ही २००३पासूनची स्वतंत्र, प्रतिस्पर्धी संघटना. त्यांचे पट्टे आणखी निराळे.

जपानी विजेत्यांचा दुष्काळ अर्थातच संपला. या के-वनचा राजा ताकेरू: २०१५मध्ये ५५ किलो, २०१६मध्ये ५७.५, २०१८मध्ये ६०, तीन गटांत विजेता. मार खाताना हसणारा, दोन पावलं पुढेच जाणारा. आणि पलीकडे राइजमध्ये त्याच्याहून सात वर्षांनी लहान तेन्शिन नासुकावा, किकबॉक्सिंगमध्ये एकदाही न हरलेला. दोघांची लढत व्हावी म्हणून जपान वर्षानुवर्षं ताटकळलं. संघटना वेगळ्या, करार वेगळे, वाहिन्या वेगळ्या, वजनही वेगळं. कधी हा तयार तर तो नाही.

अखेर १९ जून २०२२ला टोकियो डोममध्ये ते समोरासमोर आले. वजन मधलं काढलं, ५८ किलो. कार्यक्रमाला तीन आठवडेही उरले नव्हते तेव्हा फुजी टीव्हीने, त्याच फुजी टीव्हीने, प्रक्षेपणातून अंग काढून घेतलं. लोकांनी अबेमा या इंटरनेट वाहिनीवर पैसे भरून बघितलं. पाच लाखांहून जास्त जणांनी. मैदानात ५६,३९९ माणसं होती. पहिल्या फेरीत तेन्शिनचा डावा हात लागला आणि ताकेरू खाली बसला. उठला, उरलेल्या दोन फेऱ्या पुढेच जात राहिला, पण ते अंतर भरून निघालं नाही. त्या रात्रीच्या पाचही गुणपंचांनी तेन्शिनला कौल दिला.

त्या रात्री ना के-वनचा पट्टा पणाला होता, ना राइजचा. कार्यक्रमाच्या नावातही के-वन नव्हतं, नुसतं ‘द मॅच’. तेन्शिन तिथून बॉक्सिंगकडे गेला, ताकेरू सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपकडे. के-वनने २०२४मध्ये सत्तर किलोंची वर्ल्ड मॅक्स पुन्हा सुरू केली, आठ जणांची, बाद पद्धतीची, एका रात्रीत तीन लढतींची.

जाता जाता एक राहिलंच. १९९३च्या त्या पहिल्या रात्री साताकेकडून पहिल्याच फेरीत हरलेला आठांतला एक अमेरिकन होता, टॉड हेज. त्याने नंतर बर्फावरून घसरणाऱ्या बॉबस्लेचा नाद धरला आणि २००२च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलं.